तिसरा हात

आचाओच्या धक्क्याला लागून माझं दुकान :
झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन,
आणि वर्षातले दहा महिने छत्र्या.

एदुविना कार्कामो आपियाओच्या बोटीतून उतरली,
पावाच्या पिशवीत चार फोटो.
पत्ते मांडावेत तसे काउंटरवर मांडले, म्हणाली,
"हे चौघं एका भिंतीपुढे पाहिजेत.
जन्मात कधी राहिले नाहीत. तू उभे कर."

विकतचं सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही.
ब्राउझर उघडतो, त्यात एक फुकटचं पान,
पानावर करड्या-पांढऱ्या चौकड्यांची जमीन.
तिथे काहीच नाही, हे दाखवायची ती रीत.
त्यावर एकेक माणूस ओढून आणायचा
आणि बोट उचलायचं.

आधी वडील, दोन फ्रोइलान,
बटाट्याच्या वेलांत गुडघाभर, ऊन डावीकडून.
मग लाउतारो. त्याचा फक्त ओळखपत्राचा फोटो,
खांद्याखाली माणूसच नाही.
त्याला बापाच्या मागे सरकवला,
खालचं अंग मागणार कोण?
मग ती स्वतः, घाटावर,
दोन्ही हातांत शिंपल्यांची बादली, ऊन उजवीकडून.
चौथा रेमिखिओ, लग्नातला, रात्रीचा, फ्लॅशमध्ये पांढराफटक.

सावल्या चार दिशांना.
पुसल्या तर माणसं तरंगतात,
ठेवल्या तर एकमेकांशी भांडतात.
एदुविना स्टुलावर बसून बघत होती.
"भांडू देत," म्हणाली. "सवय आहे."

रेमिखिओच्या फोटोची एक कड कात्रीने कापलेली,
घाईने, वाकडीतिकडी.
कात्रीतून सुटलेला एक हात
त्याच्या खांद्यावर तसाच राहिलेला :
चार बोटं, एक साधी अंगठी,
मनगटाच्या पुढे कुणी नाही.

हा हात काढायचा, ते मी विचारलंही नाही.
कडेकडेने वेगळा करून
त्याला स्वतःच्या थरावर ठेवला,
आता एकच कळ दाबायची –
तेवढ्यात वाऱ्याने कुठली तरी तार ओढली.
चक्र फिरत राहिलं. मी दुसरीकडे जाऊ लागलो
तर पान विचारतं :
"हे पान सोडून जायचं आहे का?
केलेले बदल जतन होणार नाहीत."

तिला चश्म्याशिवाय वाचता येईना,
मी मोठ्याने वाचून दाखवलं.
ती बराच वेळ बोलली नाही.

मग म्हणाली, "तो हात राहू दे. माझा आहे तो.
बांधाच्या दोन हातभर जमिनीवरून आमचं वाजलं,
त्या रात्री मी मला कापून काढलं.
मला वाटलं, सगळी निघाले."

नेट परत आलं तेव्हा बोटी सुटायला वीस मिनिटं.
मी सांगितलं, बाई, तुमचे दोन्ही हात बादलीत आहेत,
हा ठेवला तर तीन होतील.
म्हणाली, "होऊ देत."

तर मी तिला रेमिखिओच्या शेजारी आणली,
मनगट तिच्या शालीत मुरवलं,
रंग जरा गरम केला, कड जरा मऊ.
मागे चर्चची लाकडी भिंत घातली,
कौलासारख्या फळ्यांची, कारण ती सगळ्यांना चालते.
दोन प्रती काढल्या. एक तिच्या पिशवीत,
एक पाकिटात, पत्ता रिओ गाजेगोस.
पैसे सुट्टे नव्हते, उरलेल्यांचे शिंपले दिले.

उत्तर आलं की नाही, मला ठाऊक नाही.
ती परत आलेली नाही, आणि आपियाओच्या बोटवाल्याला
मी विचारलेलं नाही.

फाइल मात्र आहे, सगळे थर सुटे.
गिऱ्हाईक नसलं की कधी उघडतो,
नावांपुढचे डोळे एकेक मिटवत जातो :
भिंत, दोन फ्रोइलान, लाउतारो,
रेमिखिओ, बादलीसकट एदुविना.

उरतो तो हात.
करड्या-पांढऱ्या चौकड्यांवर, खाली काही नसताना,
खांदा धरल्यासारखा वाकलेला.

मग कुणीतरी दारात पाणी झटकतं,
आणि छत्री केवढ्याला, विचारतं.